आकडा कुणाच्या हातात?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते गुरुजी शाळेत विज्ञान शिकवायचे. मोजमाप केल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही त्यांची शिस्त होती, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून मी विषयही मोजमापाचाच घेतला आहे. दंडावर चिकटवलेला नाण्याएवढा सेन्सर तुम्ही आता लग्नकार्यात, लोकलच्या डब्यात, शाळेतल्या एखाद्या मुलीच्या हातावर पाहिला असेल. दर काही मिनिटांनी तो शरीरातली साखर मोजतो आणि आकडा मोबाइलवर पाठवतो.

या यंत्राची जाहिरात करायला मी उभा नाही आणि त्याला नावं ठेवायलाही नाही. साखरेचा आकडा आजवर कुणाच्या हातात होता, तो रुग्णाकडे केव्हा आला आणि आल्यावर त्याचं काय झालं, ते मला सांगायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आकडा रुग्णाला दिला, पण त्यावरून निर्णय कसा घ्यायचा हे शिकवलं नाही आणि तो घेण्याची मुभाही दिली नाही, तर महागडं यंत्र घरातली काळजी तेवढी वाढवतं.

सुरुवात लघवीपासून करू. इथल्या ज्येष्ठांपैकी काहींना बेनेडिक्टचं निळं द्रावण आठवत असेल. परीक्षानळीत द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल झाला, तर साखर भरपूर. १९२२ मध्ये टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं आणि जी मुलं हमखास दगावत होती ती जगू लागली. पण इन्शुलिन किती टोचायचं, हे त्यानंतरची कित्येक दशकं या रंगावरूनच ठरायचं. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते. म्हणजे रंग पालटायचा तो काही तासांपूर्वीच्या साखरेमुळे. आणि साखर खाली गेली, माणूस घामाघूम होऊन बरळू लागला, तरी द्रावण निळंच राहायचं. ज्याने जीव जाऊ शकतो, तेच या चाचणीला दिसत नव्हतं.

१९६५ च्या सुमारास रक्ताचा थेंब टाकून रंग बघायची पट्टी आली आणि काही वर्षांत तो रंग वाचणारं यंत्रही आलं. ते दवाखाने आणि रुग्णालयांसाठी होतं, रुग्णाला विकत मिळत नव्हतं. न्यूयॉर्कचे रिचर्ड बर्नस्टीन हे इंजिनिअर होते. बाराव्या वर्षापासून त्यांना टाइप १ मधुमेह होता. त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या, म्हणून १९६९ मध्ये त्यांनी यंत्र पत्नीच्या नावावर मागवलं. दिवसातून अनेकदा स्वतःचं रक्त तपासून ते इन्शुलिन आणि आहार जुळवू लागले आणि त्यांची तब्येत सुधारली. हा अनुभव त्यांनी लिहून वैद्यकीय नियतकालिकांना पाठवला, तर तो कुणी छापेना. मग चाळिशी उलटल्यावर त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते डॉक्टर झाले. स्वतःच्या रक्तातला आकडा स्वतः वाचण्यासाठी एका माणसाला आधी डॉक्टरशी लग्न करावं लागलं आणि त्याबद्दल बोलण्यासाठी पुढे डॉक्टर व्हावं लागलं! आज औषधाच्या दुकानात ग्लुकोमीटर मिळतो, तो या भांडणातून मिळालेला आहे.

साखर ताब्यात ठेवली तर फायदा होतोच, याचा निर्विवाद पुरावा १९९३ मध्ये आला. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ टाइप १ रुग्णांवर सरासरी साडेसहा वर्षं चाललेला तो अभ्यास होता. काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये डोळ्याच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं. मूत्रपिंडाचा आजार ५० टक्क्यांनी आणि मज्जातंतूंचा ६० टक्क्यांनी कमी झाला. याची किंमतही त्याच अहवालात नोंदवली आहे. साखर धोकादायक पातळीपर्यंत कोसळून दुसऱ्याची मदत घ्यावी लागण्याचे प्रसंग या गटात सुमारे तिपटीने वाढले. साखर खाली आणायची तर खड्ड्याच्या काठानेच चालायचं, आणि खड्डा केव्हा आला ते बोटाला दिवसातून चारदा टोचून कळत नव्हतं.

या अभ्यासाने एचबीएवनसीला, म्हणजे आपण 'तीन महिन्यांची सरासरी' म्हणतो त्या चाचणीला, मानाचं स्थान दिलं. ते योग्यच आहे. आदल्या रात्री भात सोडून सकाळी लॅबमध्ये जाणाऱ्यांना ही चाचणी फसत नाही. पण ती सरासरीच आहे. तालुक्याचा पाऊस वर्षाअखेरीस सरासरीइतका भरला, तरी जून कोरडा गेलेला असतो आणि जुलैत एका रात्रीत पीक वाहून गेलेलं असतं. सात टक्के एचबीएवनसी असलेल्या दोघांपैकी एकाची साखर दिवसभर सरळ रेषेत चालत असेल, तर दुसऱ्याची पहाटे ५० आणि दुपारी ३०० होत असेल. कागदावर दोघंही सारखेच उत्तम.

शिवाय ही चाचणी लाल पेशींवर अवलंबून आहे. पेशींचं आयुष्य बदललं की आकडाही बदलतो. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या ॲनिमियात तो खोटा वाढू शकतो आणि आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये हा ॲनिमिया घरोघरी आहे. सिकल सेलमध्ये पेशी लवकर मरतात, तिथे तो खोटा कमी येऊ शकतो. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकल सेल किती आहे, हे तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. तिथल्या रुग्णाला 'तुमची सरासरी छान आहे' असं सांगण्याआधी डॉक्टरने दोनदा विचार केला पाहिजे.

आता सेन्सरकडे येऊ. त्याची मूळ कल्पना १९६२ ची, अमेरिकेतले संशोधक लेलंड क्लार्क यांची. ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एक एन्झाइम ग्लुकोजवर नेमकी प्रक्रिया घडवतं. ते इलेक्ट्रोडला जोडलं की ग्लुकोजचं प्रमाण विजेच्या सूक्ष्म प्रवाहातून मोजता येतं. आजच्या सेन्सरची केसासारखी तार कातडीखाली काही मिलिमीटर बसते आणि दहा-पंधरा दिवस हेच काम करते. दर पाच मिनिटांना एक नोंद धरली, तर दिवसाला २८८ नोंदी होतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतो. रक्तातून त्या द्रवात साखर पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. साखर झपाट्याने उतरत असेल, तेव्हा मोबाइलवरचा आकडा मागे राहतो. म्हणून हात थरथरतोय, घाम फुटलाय आणि मोबाइल मात्र ८५ दाखवतोय, अशा वेळी शरीराचं ऐका आणि बोटाला टोचून खात्री करा. उलटही होतं. सेन्सर लावलेल्या हातावर झोपलं की तिथला द्रव दाबला जातो आणि मध्यरात्री साखर उतरल्याचा खोटा गजर होतो. सेन्सर आला म्हणून ग्लुकोमीटर अडगळीत टाकायचा नसतो.

अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं यंत्र तीन दिवस साखर नोंदवायचं. त्या तीन दिवसांत रुग्णाला एकही आकडा दिसत नव्हता. यंत्र परत द्यायचं, डॉक्टर माहिती उतरवून घेणार आणि मग रुग्णाला सांगणार. भारतात २०१५ मध्ये आलेला चौदा दिवसांचा सेन्सरही याच जातीचा होता. वाचायचं उपकरण दवाखान्यात, सेन्सर रुग्णाच्या दंडावर. बर्नस्टीन यांच्या काळातला तोच प्रश्न नव्या वेषात आला होता. रुग्णाला स्वतःचा आलेख स्वतः बघता येणं, ही आपल्याकडे अगदी अलीकडची गोष्ट आहे.

आलेख उघडा पडला, तेव्हा पहिला धक्का आम्हा डॉक्टरांनाच बसला. सकाळची साखर जास्त आली की रात्री ती खाली गेली असेल आणि शरीराने उसळी मारली असेल, असं आम्ही पुस्तकात शिकलो होतो. १९३० च्या दशकात मायकेल सोमोग्यी यांनी ही कल्पना मांडली होती. तिच्या आधारे रात्रीचं इन्शुलिन कमी केलं जायचं. रात्रभराचे आलेख हाती आले, तेव्हा दिसलं की अशी उसळी क्वचितच असते. रात्री साखर उतरलेल्यांची सकाळची साखर बहुधा कमीच असते. सकाळच्या वाढीचं कारण बहुतेक वेळा पहाटे वाढणारी संप्रेरकं किंवा रात्री अपुरं पडलेलं इन्शुलिन, हे असतं. जे झोपेत घडतं त्यावर आम्ही अंदाजाने मत देत होतो.

आलेखामुळे उपचाराची भाषाही बदलली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने उद्दिष्टं ठरवली. साखर ७० ते १८० च्या पट्ट्यात दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ असावी, म्हणजे सुमारे सतरा तास. ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ, म्हणजे तासभरही नाही. वृद्धांसाठी आणि नाजूक प्रकृतीच्या रुग्णांसाठी हिशेब वेगळा आहे. त्यांना पट्ट्यात निम्मा वेळ पुरे, पण ७० च्या खाली १ टक्क्याहून कमी. पंचाहत्तरीच्या आजीची साखर थोडी वर राहिली तर चालेल, पण ती रात्री न्हाणीघरात चक्कर येऊन पडता कामा नये, असा याचा अर्थ. या भाषेचा फायदा असा, की ती रुग्णाला कळते. 'एचबीएवनसी ०.६ ने कमी करा' यावर तो मान डोलावतो आणि घरी जातो. 'दुपारी दोन ते पाच तुमची साखर पट्ट्याबाहेर असते' म्हटलं की तो विचारतो, 'दुपारी मी काय खातो?'

काय खातो, या प्रश्नाला आपल्या स्वयंपाकघरात फार जागा आहे. उपवासाचंच उदाहरण घ्या. चतुर्थी असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी सवयीने घेतली जाते. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्शुलिन बाहेर काढते, पोटात अन्न असो वा नसो. दुपारपर्यंत फक्त चहा. तीन-चारच्या सुमाराला आलेख ७० च्या खाली जातो. माणूस म्हणतो, उपवासाने जरा गळल्यासारखं झालंय. चंद्रोदयाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, केळं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. आलेख अडीचशेकडे झेपावतो आणि झोपेपर्यंत तिथेच राहतो. उपवासाने साखर कमी होते असं समजणाऱ्या माणसाला एकाच दिवसात दोन्ही टोकं दिसतात. असा आलेख मी रुग्णासमोर ठेवतो, तेव्हा उपदेश करावा लागत नाही. तो स्वतःच विचारतो, 'त्या दिवशी गोळीचं काय करू? खिचडी निम्मी करून सोबत ताक आणि दाण्याची आमटी घेतली तर?' गोळीचं उत्तर डॉक्टरने द्यायचं. खिचडीचा प्रयोग त्याने पुढच्या चतुर्थीला करून बघायचा. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं की आलेखाचा सुळका किती बसतो, हेही त्याला त्याच संध्याकाळी दिसतं.

आता पुरावा काय सांगतो? २००८ मध्ये टाइप १ च्या ३२२ जणांवरचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचवीस वर्षांवरच्यांना सेन्सरचा स्पष्ट फायदा झाला. पंधरा ते चोवीस वयाच्या गटात झाला नाही. कारण यंत्र वेगळं नव्हतं. मोठ्यांपैकी ८३ टक्के आठवड्यातले सहा दिवस तरी सेन्सर वापरत होते, तरुणांपैकी फक्त ३० टक्के. तेव्हाचे सेन्सर बोजड आणि कटकटीचे होते, हे खरंच. पण दंडावर नसलेलं यंत्र काही करत नाही, हा धडा आजही लागू आहे. २०१७ मध्ये टाइप १ असलेल्या गरोदर स्त्रियांवरचा अभ्यास आला. सेन्सर वापरणाऱ्या मातांची बाळं वाजवीपेक्षा मोठ्या आकाराची होण्याचं प्रमाण घटलं, आणि जन्मल्यावर साखर उतरण्याची किंवा अतिदक्षता विभागात राहण्याची वेळही कमी बाळांवर आली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षं दाखवून देत आले आहेत, की आईच्या पोटातले नऊ महिने मुलाच्या पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाची पायाभरणी करतात. तेव्हा गरोदरपणातले हे आकडे दोन पिढ्यांचे आहेत. टाइप २ मध्ये दिवसातून एकदा-दोनदा दीर्घ परिणामाचं इन्शुलिन घेणाऱ्या १७५ जणांचा अभ्यास २०२१ चा आहे. आठ महिन्यांत सेन्सरवाल्यांचं एचबीएवनसी ९.१ वरून ८.० वर आलं, बोटाला टोचून तपासणाऱ्यांचं ९.० वरून ८.४ वर. फरक खरा आहे, पण तो चमत्कार नाही. नुसतं नीट लक्ष दिल्यानेही दुसऱ्या गटात सुधारणा झालीच, हे विसरू नका.

श्रोतेहो, आता दुसरी बाजू, म्हणजे माझ्या तक्रारी. आकडा रुग्णाच्या हाती येता येता कधी कधी त्याच्या घरच्यांच्या हाती जातो. सेन्सरची माहिती दूरच्या माणसालाही आपल्या मोबाइलवर बघता येते. टाइप १ झालेल्या लहान मुलाच्या आईबापांसाठी हा मोठा आधार आहे. पहाटे तीनला उठून झोपलेल्या लेकराचं बोट टोचणं थांबतं. पण न्यू जर्सीतला मुलगा कोथरूडमधल्या वडिलांच्या साखरेवर नजर ठेवू लागला आणि दुपारी लाडू खाल्ल्याबरोबर फोन आला, 'बाबा, एकशे नव्वद?', की वडील दोन दिवसांत सेन्सर काढून ठेवतात. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सत्तर वर्षांच्या माणसाच्या दंडावर बसवलेला पहारेकरी त्याला नकोच असणार. आकडा कुणी बघायचा, कितीच्या खाली गेला तर फोन करायचा आणि कधी अजिबात करायचा नाही, हे सेन्सर लावायच्या आधी घरात बसून ठरवा.

दुसरी तक्रार आहे ती मधुमेह नसलेल्यांनी हौसेने सेन्सर लावण्याबद्दल. अमेरिकेत २०२४ पासून काही सेन्सर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतात. निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर वर जाते आणि कधी कधी १४० ओलांडते. तो आजार नव्हे. आलेख सपाट करायच्या नादात केळं, भाकरी, डाळ सोडणारे आणि साखर वाढत नाही म्हणून तळलेलं खाणारे लोक मी बघतो. यंत्र फक्त ग्लुकोज मोजतं. तूप, मीठ आणि रक्तदाब त्याला दिसत नाही.

आणि तिसरी, माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी तक्रार म्हणजे सेन्सर कुणाला मिळतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. गोव्यात हे प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के आहे. दहा-पंधरा दिवस चालणाऱ्या एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात. कायम वापरायचे तर महिन्याला दोन-तीन लागतात. शेतमजुराच्या घरात टाइप १ ची मुलगी असेल, तर इन्शुलिन, सुया आणि पट्ट्या यांतच कंबर मोडलेली असते. ज्या मुलीचा जीव रात्रीच्या आकड्यावर अवलंबून आहे तिच्याकडे सेन्सर नाही, आणि ज्याला वजन दोन किलो कमी करायचंय त्याच्याकडे आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये टाइप १ च्या सर्व प्रौढांना सार्वजनिक आरोग्यसेवेतून सेन्सर देण्याची शिफारस केली. आपली तिजोरी तेवढी मोठी नाही. पण क्रम लावायला तिजोरी लागत नाही.

तो क्रम मी असा लावेन. सरकारी पैसा आधी टाइप १ च्या मुलांसाठी, इन्शुलिन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांसाठी आणि साखर उतरल्याची लक्षणंच ज्यांना जाणवत नाहीत अशा रुग्णांसाठी खर्च करावा. गोळ्यांवर असलेल्या टाइप २ च्या बहुसंख्य लोकांना कायमच्या सेन्सरची गरज नाही. औषध बदलताना किंवा गणित जुळत नसताना वर्षातून एक-दोनदा चौदा दिवस लावला, सोबत काय खाल्लं आणि कधी चाललो याची वही ठेवली, तर पुढच्या कित्येक महिन्यांचं मार्गदर्शन मिळतं. चौदा दिवसांचा आलेख नेहमीचा कल दाखवायला पुरतो, हे तज्ज्ञांनीही मान्य केलं आहे. आणि जिथे हेही परवडत नाही, तिथे ग्लुकोमीटरच्या सात पट्ट्या शहाणपणाने वापरता येतात. रोज सकाळी उपाशीपोटी तपासण्यापेक्षा एक दिवस नाश्त्यानंतर दोन तासांनी, एक दिवस जेवणाआधी, एक दिवस झोपताना असं तपासलं, तर आठवड्यात ओबडधोबड आलेख तयार होतो.

पण या सगळ्याला अर्थ येतो तो शिकवण्याने. सेन्सर लावणाऱ्या प्रत्येकाला एका कागदावर चार ओळी लिहून मिळाल्या पाहिजेत. ७० च्या खाली गेलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा किंवा चॉकलेट नको, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. सलग तीन दिवस एकाच वेळी आकडा वर असेल, तर इन्शुलिन किती युनिट वाढवायचं. आणि आकडा कुठे गेला की स्वतः काही न करता फोन करायचा. असा कागद लिहायला डॉक्टरला दहा मिनिटं लागतात. आमच्या गर्दीच्या ओपीडीत ती दहा मिनिटं निघत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून हे काम करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका आणि मधुमेह शिक्षक प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात हवेत. सेन्सरच्या खरेदीवर जेवढी चर्चा होते, तिच्या निम्मी तरी या नेमणुकांवर व्हावी.

शेवटी समोर बसलेल्या डॉक्टर मित्रांना एक विनंती. पुढचा रुग्ण आलेख घेऊन येईल, तेव्हा तो हातात घेऊन लगेच निदान सांगू नका. आलेख टेबलावर त्याच्याकडे तोंड करून ठेवा आणि विचारा, 'यात तुम्हाला काय दिसतंय?' पहिल्या वेळी तो म्हणेल, 'डॉक्टर, तुम्हीच सांगा.' तरीही थांबा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो बोट ठेवून सांगेल, 'हा मंगळवार, माझी रात्रपाळी होती.' तिथून पुढचे उपचार दोघांनी मिळून ठरवायचे. आणि श्रोत्यांपैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांनी, डॉक्टरने हा प्रश्न विचारला नाही, तर आपणहून आलेखावर बोट ठेवावं आणि आपल्याला काय दिसतं ते सांगावं.